मनोहररावचा खोकला अन् रुपरावची दश्शी

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून मनोहररावले दोनच कामं उरले होते. खोकलणं अन् मेंढीकोट खेळणं. चंपतरावच्या ओसरीत बसून तो दोन्ही संगच करे.

मेंढीकोटात समोरासमोरचे दोघं भिडू. चार दश्श्या, म्हंजे दहाचे पत्ते, पकडायच्या अन् तोंडातून शब्द काढायचा नाही. मनोहररावचा भिडू रुपराव. त्या साली हे दोघं हरूनच नाही राहिले.

नत्थूजी अन् वसंत रोज हरत. शक पयले नत्थूजीलेच आला.

"हा बुढा उगाच नाही खोकलत," तो चंपतरावले म्हणे. "हा खोकलते अन् तिकडून रुपराव पत्ता टाकते. मी पाहून राहिलो."

चंपतराव गणपती मंडळाचा अध्यक्ष. गणपतीत मेंढीकोटाची स्पर्धा, बक्षीस पाणी भरायचा पितळेचा गुंड. त्यानं लय विचार करून फैसला देल्ला. मनोहररावनं छातीचा फोटो काढून आणायचा. छातीत दोष निघाला त खोकला खरा. नाही निघाला त मोहल्ल्यात यापुढं पत्त्याले हात लावायचा नाही.

मनोहरराव घाबरला. पत्ते गेले त दिवसभर घरी बसून बायकोचं, कौशल्याबाईचं, ऐका लागलं असतं.

फोटो बदलू नये म्हणून नत्थूजी सीताबर्डीच्या डॉक्टरकडे संग गेला. डॉक्टरनं फोटो उजेडात धरला. "छाती अगदी साफ आहे."

मनोहरराव खुर्चीत खचला. "नीट पाहा ना, डॉक्टरसाहेब. कुठं तरी असन."

"काहीच नाही. तुमचा खोकला पोटातून येतो. तिखट खाता, वरून चहा पिता, जेवून लगेच आडवे होता. पोटातलं आंबट घशापर्यंत चढतं अन् घसा भाजतो. रात्री लवकर जेवा. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावा."

ओसरीत आल्यावर नत्थूजी म्हणे, "पोटातून ढेकर येते. खोकला कधी आला गा? यानं डॉक्टरलेबी इशारा केला."

साऱ्याइले ते पटलं. मनोहरराव हात जोडून म्हणे, "मंग पाहून घ्या. पत्ते नको माह्या हातात. मी जेवतो अन् आडवा होतो. खोकलतो का नाही पाहा."

रविवारी दुपारी कौशल्याबाईनं पाटोडीचा रस्सा आणला. वर बोटभर तर्री. "म्या सांगतलं तवा आयकलं नाही, कमी खा म्हणून," ती वाढता वाढता म्हणे. "आता पंचाइसमोर खा."

मनोहरराव पोटभर जेवला अन् भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला. सारे त्याच्या पाठीकडे पाहत बसले. खोकला काही येईना. बसून बसून कंटाळा आला म्हणून नत्थूजीनं पत्ते वाटले. नत्थूजीसंग वसंत, अन् मनोहररावच्या जागी रुपरावसंग चंपतराव.

डाव रंगला. वसंतनं किलवरचा एक्का टाकला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. खों. खों.

रुपरावनं पटकन किलवरची दश्शी टाकली. वसंतनं ती उचलून नेली.

"काहून गा?" चंपतराव त्याच्या पत्त्यात डोकावून म्हणे. "तुह्या हातात किलवरची दुर्री दिसून राहिली. त्याच्या एक्क्यावर दश्शी काहून टाकली?"

"दोन खोकले ना."

मनोहरराव खाटेवर उठून बसला. "काय म्हणे हा?"

"एक खोकला म्हंजे हुकूम, दोन म्हंजे दश्शी," रुपराव म्हणे. "आपलं ठरलं नाही का?"

"कवा ठरलं?"

"ठरलं म्हंजे, मी समजून गेलो. अशी गोष्ट कोणी तोंडानं सांगते का, मनोहरराव?"

"अन् आपण जिंकत होतो ते?"

"मले वाटे तुम्ही लय हुशार हा."

साऱ्यात जास्त वाईट नत्थूजीले वाटलं. "म्हंजे आम्ही इमानदारीनं हरलो?" तो वसंतले हळूच विचारे.

मनोहरराव सुटला. रुपरावले ताकीद भेटली. गणपतीपर्यंत मनोहररावनं तिखट सोडलं, चहा सोडला, खाटेखाली विटा लावल्या. रात्री उशाशी निजे अन् सकाळी पायथ्याशी सापडे, पण खोकला गेला.

फायनलले मनोहरराव-रुपराव अन् नत्थूजी-वसंत हेच चौघं बसले. मनोहररावचा घसा चुप. रुपराव बिचारा पत्ता उचले, ठेवे, भिडूच्या तोंडाकडे पाहे. पयला डाव हरले. दुसराही हरले. मंग रुपराव उठून बाहेर गेला अन् तर्री-पोह्याची प्लेट घेऊन आला.

"घ्या, मनोहरराव. उपाशी पोटी खेळू नये."

मनोहररावनं प्लेटीकडे पाहिलं, मंग रुपरावकडे. तो काही म्हणायच्या आत नत्थूजीनं प्लेट आपल्याकडे ओढली. धोका नको म्हणून तर्रीसकट सारे पोहे त्यानंच खाल्ले.

डाव सुरू झाला. तर्री चढली अन् नत्थूजीले ठसका लागला. एक. दोन.

रुपरावचा हात दश्शीकडे गेला. मनोहररावनं त्याचं मनगट धरलं.

"ते खोकले आपले नाही गा," तो म्हणे.