काकूंनी पाहिलंय

"दिव्यांभोवती वलय दिसतं का?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

खरं तर मी ताईच्या चष्म्यासाठी आले होते. तिचं झाल्यावर तीच म्हणाली, "आता हिचेही डोळे बघा. दिवसभर त्या पडद्याला नाक लावून बसते." थोरल्या बहिणीपुढे कुणाचं काय चालतं? बसले खुर्चीत.

"दिसतं की," मी म्हणाले. "सगळ्यांनाच दिसत असेल ना?"

"नाही. तुमच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डावा स्वच्छ आहे, म्हणून लक्षात आलं नाही. वर्षभर तरी झालं असावं."

"एवढंच ना?" ताई म्हणाली. "हल्ली अर्ध्या तासात काढतात."

मला मात्र ऑफिसातली चित्रं आठवली.

माझं काम असं. एकमेकींवर आदळून एक होत चाललेल्या दोन दीर्घिकांची चित्रं अवकाशातली दुर्बीण खाली पाठवते. अशा टकरीत नवे तारे जन्मतात, आणि तेही घोळक्याने, लाखालाखांनी. अशा घोळक्याला तारकापुंज म्हणतात. इतक्या लांबून तो पुंज म्हणजे पडद्यावर एक ठिपका. वाटेत आपल्या आकाशगंगेतला एखादा एकटा तारा मध्ये आला, तर तोही ठिपकाच. फरक कडेचा. ताऱ्याची कड टोकदार, पुंजाची किंचित मऊ. सोपे ठिपके संगणक ओळखतो. त्याला जमत नाहीत ते माझ्याकडे येतात. सुईत दोरा ओवताना करतात तसा मी डावा डोळा मिटते, उजव्याने बघते आणि चित्राखाली 'पुंज' किंवा 'तारा' लिहिते. बावीस वर्षं हेच केलं. आधी आणखी दोघं होते. ते गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, कारण कुणाला गरजच वाटली नाही. कुणी शंका काढलीच तर आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणत, "काकूंनी पाहिलंय." विषय संपला.

या मॅडम विद्यार्थिनी म्हणून आल्या, तेव्हा दोन वेण्या घालायच्या आणि माझ्या डब्यातलं खायच्या. तेव्हा मी त्यांना 'अगं' म्हणायचे. त्या विभागप्रमुख झाल्या त्या दिवसापासून 'अहो मॅडम'. त्यांचा सात वर्षांच्या कामाचा शोधनिबंध शुक्रवारी छापायला जायचा होता. या टकरीत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पुंज जन्मले, असा त्याचा निष्कर्ष. त्यातले एकशे बारा माझ्या गेल्या एका वर्षातले. सापडतील तसे मी सांगत गेले, त्या हरखत गेल्या. मीही हुरळून गेले होते, खोटं कशाला बोलू?

दवाखान्यातून मी ताईला घेऊन तशीच ऑफिसात गेले. बुधवार होता, जेवणाची सुट्टी चालू होती. एकशे बारांपैकी पहिलं चित्र उघडलं. उजव्या डोळ्याने पाहिलं. मऊ कड, छान पुंज. मग उजवा मिटून डाव्याने पाहिलं.

तारा. टाचणीच्या टोकासारखा.

दहा चित्रं पाहिली. सात तारे निघाले. ताई शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"तू बोलली नाहीस तर कुणाला कळणार आहे?" ती म्हणाली.

"कुणालाच नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षांत निवृत्त होशील. बावीस वर्षांचं नाव का घालवतेस?"

ती माझ्या भल्याचंच बोलत होती. आणि खरं सांगते, मला पटतही होतं. मॅडम कॉफीचा पेला घेऊन आत आल्या नसत्या, तर मी काय केलं असतं ते मला आजही ठाऊक नाही.

"काकू, आज सुट्टी होती ना तुमची?"

"अगं, बस जरा," मी म्हणाले. तोंडातून 'अगं' निघून गेलं. त्या बसल्या.

मी सांगितलं. त्यांनी स्वतः एकेक डोळा मिटून चित्रं पाहिली. त्यांना दोन्ही डोळ्यांनी ताराच दिसत होता. कॉफी गार झाली.

"मी एकदाही उघडून पाहिलं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "एकदाही नाही, काकू."

"मी डाव्या डोळ्याने पुन्हा बघून देऊ?"

"नको," त्या म्हणाल्या. ते योग्यच होतं, पण मला लागलं.

शुक्रवार गेला. मॅडमनी आणि दोन विद्यार्थिनींनी तीन आठवडे सगळी चित्रं वेगवेगळी पाहिली. एकशे बारांतले चौतीस पुंज उरले. 'कितीतरी जास्त'चं 'थोडे जास्त' झालं, आणि थोड्या जास्तीचं कौतुक कोण करतं? मॅडमनी कच्चा मसुदा मला वाचायला दिला. त्यात लिहिलं होतं, 'तांत्रिक कारणांमुळे शेवटच्या वर्षाची वर्गवारी नव्याने केली.'

"हे काय?" मी विचारलं. "यंत्रावर कशाला ढकलतेस? दुर्बीण बिचारी वर नीट काम करतेय."

"मग काय लिहू?"

"मोतीबिंदू लिही. पाहणाऱ्या बाईच्या उजव्या डोळ्यात होता, असं लिही. उद्या कुणी माझी आधीची एकवीस वर्षं वापरेल, त्याला कळायला नको, कुठपर्यंत विश्वास ठेवायचा ते?"

त्यांनी माझ्यासमोर ते वाक्य खोडलं आणि दुसरं लिहिलं. लिहिताना डोळे पुसत होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले.

ऑपरेशन अर्ध्या तासातच झालं. ताईने महिनाभर डोळ्यात थेंब घातले आणि दर थेंबामागे एकेक टोमणा मारला. मी कामावर परतले तेव्हा विभागात नवा नियम झाला होता: प्रत्येक चित्र तिघांनी पाहायचं, एकमेकांना न विचारता. हे आधीच व्हायला हवं होतं. आता 'काकूंनी पाहिलंय' असं कुणी म्हणत नाही. म्हणूही नये.

चौथं मत म्हणून ते एकशे बारा माझ्याकडे आले. डावा डोळा मिटून मी पहिलं चित्र उघडलं. लाखांचा घोळका म्हणून वर्षभर मिरवलेला तो ठिपका काळ्या पडद्यावर एकटा उभा होता. मला त्याचं वाईट वाटलं.

चित्राखाली 'तारा' लिहिलं आणि दुसरं उघडलं.