रस्त्यातली रोपं

माझं रोप थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात पकडलं गेलं आणि तिथून सगळ्या भांडणाला तोंड फुटलं.

पकडणारा कंपनीचा माणूस. आम्ही त्याला झाडवाला म्हणतो. गावामागच्या टेकडीत कंपनीची कोळशाची खाण आहे. जग तापत चाललंय म्हणून कंपनीनं घरटी एकेक रोप वाटलं आणि ते जगलंय का हे बघायला हा झाडवाला नेमला. रोप हिरवं असेल तर त्या घराला टँकरचं पाणी. वाळलं तर पाणी बंद. खाण खोल गेल्यापासून गावच्या विहिरी आटल्या आहेत, टँकर आला नाही तर आमची चूल पेटत नाही. त्यामुळे लोक पोटच्या पोरासारखी रोपं सांभाळतात, आणि ती तरीही मरतात.

जाऊबाईंचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून, मध्ये एकच बुटकी भिंत. माझ्या अंगणात सगळा कातळ, म्हणून मी माझं रोप तेलाच्या जुन्या डब्यात लावलं होतं. जाऊबाईंचं उन्हाळ्यात वाळून काडी झालं. मग काय, झाडवाला माझ्या दारातून वळला की मी डबा भिंतीवरून पलीकडे द्यायची आणि तो गल्लीला वळसा घालून येईपर्यंत जाऊबाई तो आपल्या अंगणात मांडून ठेवायच्या. बरेच दिवस छान चाललं. त्या दिवशी मात्र आमच्या शेळीनं घात केला. सकाळीच तिनं शेंड्याच्या पानाचा लचका तोडला होता आणि कामाच्या धांदलीत माझ्या ते लक्षात आलं नाही.

"हे पान मी आत्ताच बघून आलोय," झाडवाला म्हणाला.

"पानं काय, सगळी सारखीच असतात," जाऊबाई म्हणाल्या.

"शेळीनं खाल्लेलीसुद्धा?"

भिंतीमागे मला हसू आवरेना. फिसकन आवाज आला, त्यानं मान वर करून बघितलं आणि खेळ संपला. खिशातून खडू काढून त्यानं दोन्ही घरांच्या चौकटीवर फुली मारली.

फुली दिसल्यावर माझं हसू कुठल्या कुठे पळालं. जाऊबाईंच्या गोठ्यात गाभण गाय होती. नवरा गेल्यापासून त्या बाईचा संसार त्या एका गाईवर चाललेला. पाणी बंद म्हणजे गाय विकायची, आणि गाय विकली की दूरच्या लेकाच्या दारात जाऊन बसायचं. ते त्यांना मरणाहून नकोसं होतं.

"अरे, रोप का वाळलं ते तरी विचार की," त्या म्हणाल्या. त्यांनी डब्यातल्या पानावर बोट फिरवलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. बोट काळंकुट्ट. दिवसभर कोळशाच्या उघड्या गाड्या आमच्या दारावरून जातात, दुसरं काय होणार?

"पानं रोज ओल्या फडक्यानं पुसायची. सांगितलं होतं सगळ्यांना."

"पाणी पिऊ, का पानं पुसू?"

"काकू, असं म्हणून कसं चालेल? जग तापतंय. ज्यानं त्यानं आपापली जबाबदारी घेतली पाहिजे."

"जग तापतंय हे तू मला सांगतोस? पत्र्याखाली राहते मी! मला एक सांग, तुमचा कोळसा जातो कुठे?"

"वीज करायला."

"म्हणजे जाळायला."

"हो, पण..."

"तिथल्या चिमणीवर मारलीस का कधी फुली?"

"ते माझ्याकडे नाही, काकू."

"तुझ्याकडे फक्त माझी काडी. आणि टेकडीपलीकडचं रान? तिथे तुम्ही दुसरा खड्डा खणणार म्हणे. अख्खं रान तोडायचं आणि आम्हाला घरटी एक रोप देऊन वर आमचीच हजेरी घ्यायची! जग तापवायचं तुम्ही आणि वारा घालत बसायचं आम्ही!"

पोरगा तसा वाईट नव्हता. त्याचे कान लाल झाले. पण फुली काही त्यानं पुसली नाही.

संध्याकाळी जाऊबाई आमच्याकडे आल्या. माझे मालक खाणीवर गाड्यांची चाकं बदलतात, ते नुकतेच हातपाय धुऊन बसले होते.

"भावजी, तुमची कुदळ हवी."

"कशाला?"

"रोप लावायचंय. रस्त्यात."

यांनी तोंडाला लावलेला चहाचा कप खाली घेतला. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? गाड्या अडल्या तर आधी माझी नोकरी जाईल!"

"आणि दुसऱ्या खड्ड्यानं रान गेलं, उरलासुरला झरा गेला, तर नोकरी करून राहणार कुठे?"

"आपल्या दोन घरांचं पाणी मी खाणीवरच्या साहेबाच्या पाया पडून सुरू करून आणतो. मग तर झालं?"

मला वाटलं, जाऊबाई हो म्हणतील. खरं सांगते, मला तसं हवंही होतं. पण त्या उठल्या आणि कोपऱ्यातली कुदळ त्यांनी स्वतःच घेतली. "आपल्या दोन घरांपुरतं बघत बसलो म्हणून तर ही वेळ आली," त्या म्हणाल्या. "धाकटे, तू येणार का इथेच बसणार?"

मी यांच्याकडे बघितलं. ते चहाच्या कपात बघत होते. मी म्हटलं, "येते."

सकाळी गाड्या सुटायच्या आत आम्ही वेशीजवळच्या रस्त्यात खणायला लागलो. माझा डबा मधोमध ठेवला, शेजारी जाऊबाईंची काडी रोवली. पाणवठ्यावर बातमी आधीच पोचली होती. एकेक करत बाया आल्या, कुणी मुळासकट मातीचा गड्डा घेऊन, कुणी नुसतं वाळकं खोड घेऊन. शिंपीण तर रोपाभोवतीचं अख्खं कुंपण उपटून घेऊन आली. हिरवी, अर्धमेली, मेलेली, सगळी रोपं आम्ही या कडेपासून त्या कडेपर्यंत लावली आणि मागे बसलो.

पहिली गाडी आली. चालकानं डोकं बाहेर काढलं. "बाजूला घ्या हे!"

"कंपनीचं झाड आहे बाबा," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही हात लावला तर पाणी बंद होतं. तुला चाक घालायचं असेल तर साहेबाला विचारून घाल."

चालकानं रोपांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि गाडी बंद करून तंबाखू मळायला घेतली. मागे रांग लागली. दुपारपर्यंत ती पार खाणीच्या फाटकाला टेकली, आणि किती तरी वर्षांनी आमच्या दारावरची धूळ खाली बसली.

साहेब आला तो गोड बोलतच. "बाई, तुमच्या दोन्ही घरांचं पाणी आजपासून सुरू. चूक झाली आमची. आता रस्ता मोकळा करा."

"आणि बाकीच्यांचं?"

"त्यांचंही बघू."

"आणि दुसरा खड्डा?"

"ते वर ठरतं. माझ्या हातात नाही."

"तुमच्यात कुणाच्याच हातात काही नसतं बघा. ज्याच्या हातात आहे त्याला घेऊन या. आम्ही आहोत इथेच."

साहेब गेला, पण तो कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं कोळशाच्या गाड्या मागे घेतल्या आणि सगळ्यात पुढे पाण्याचा टँकर आणून उभा केला. वर कर्णा लावला. "पाणी आलंय. वाट द्या आणि पाणी घ्या."

मग मात्र गाव फिरलं. काल शाबासकी देणारे पुरुष आज आमच्या अंगावर आले. रस्ता अडल्यानं कालपासून टँकर आला नव्हता, लहान पोरं तहानेनं किरकिरत होती. "काढा ती झुडपं!" गावचा पुढारी ओरडला. "तुमच्या हट्टापायी गाव मारता का?" शिंपिणीनं आपल्या कुंपणाला हात घातलासुद्धा. एकदा टँकर आत गेला की मागोमाग गाड्या जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं आणि घसे कोरडे पडले होते.

जाऊबाई उठल्या. त्यांनी घरून कळशी आणली, रोपांच्या मधून पाय टाकत पलीकडे गेल्या आणि टँकरच्या तोटीखाली कळशी लावली.

"टँकर आत कशाला यायला हवा?" त्या मागे वळून म्हणाल्या. "आपल्याला पाय नाहीत का?"

आणि मग जी झुंबड उडाली! हंडे, बादल्या, पातेली, जे हाताला लागलं ते घेऊन माणसं धावली. पुढारीही दोन बादल्या घेऊन रांगेत आला. झाडवाला कोपऱ्यात उभा होता. फुलीवालं घर कुठलं आणि बिनफुलीचं कुठलं, हे त्यानं विचारलं नाही. आणि त्या गर्दीत मला आमचे मालक दिसले. कामावर न जाता ते जाऊबाईंच्या गाईसाठी पिंप भरत होते.

साहेब घाम पुसत गाडीतून उतरला. त्याचा गोडवा पार आटला होता. "बाई, शेवटचं विचारतो. ही रोपं रस्त्यातून हलणार कधी?"

जाऊबाईंनी कळशी कमरेवर घेतली. "साहेब, आत्ताच तर लावलीत. झाडं व्हायला वेळ लागतो. तुम्ही वरच्यांना बोलवा, सावकाश येऊ दे त्यांना. आम्हाला काही घाई नाही."