तीसच्या पुढे माझा काटा जात नाही

मी एक जुना ॲमीटर आहे आणि मी रागावलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. 'मला टाकू नका, मला जपा' असं म्हणायचं असतं. मी तसं म्हणणार नाही. मला जपलं, म्हणून तर हे सगळं झालं.

ॲमीटर म्हणजे विजेचा प्रवाह मोजणारा. तळहातावर मावेल एवढी गोल डबी, पुढे काच, काचेआड पांढरा काटा. मधोमध शून्य, उजवीकडे तीसपर्यंत आकडे आणि डावीकडेही तीसपर्यंत. बॅटरीत वीज भरत असली की काटा उजवीकडे झुकतो, बॅटरीतून खर्च होत असली की डावीकडे. माझ्या पाठीला दोन जाड बोल्ट आहेत. बॅटरीत जाणारी सगळी वीज एका बोल्टातून आत येते, माझ्या पोटातून जाते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. चाखून नाही, पिऊन मोजतो मी.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे एक चष्मेवाली बाई शेवटच्या टेबलावर बसायची. तिने माझ्यातून तीस ॲम्पियर सोडले, घड्याळ लावून वाट पाहिली, मग मला नाकाशी धरून जळका वास येतो का ते पाहिलं. तिच्या शेजारणीने विचारलं, "चाळीस सोडून बघू का गं?" बाई फिसकारली, "तीस म्हणजे तीस. त्याच्या तोंडावर लिहिलंय ना?" तिने शिक्का मारला आणि मला खोक्यात घातलं. माझ्या आयुष्यात इतकं शहाणपणाचं वाक्य मी पुन्हा फार कमी वेळा ऐकलं.

मला एका छोट्या चार आसनी विमानात बसवलं. विमानाचे मालक स्वतःच वैमानिक होते. त्यांना मी थोरले म्हणतो. त्यांच्या विमानातला जनरेटर फार तर तीस ॲम्पियर द्यायचा, त्यामुळे आमचं छान जमलं. इंजिन सुरू केलं की थोरले आधी माझ्याकडे बघायचे. शेजारी बसलेल्या माणसाला म्हणायचे, "थांबा जरा, हा काय म्हणतो ते बघू." एकदा डोंगरांवरून जाताना जनरेटर बंद पडला. बाकीचे सगळे काटे मुकाट होते, मी एकटाच डावीकडे सरकलो. थोरल्यांनी लगेच दिवे बंद केले, रेडिओ शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवला आणि सुखरूप उतरले. उतरल्यावर त्यांनी माझ्या काचेवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "शाब्बास रे." ती टिचकी मला अजून आठवते.

मग थोरले थकले. विमान हँगरच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं. एका उंदरिणीने माझ्यामागच्या वायरींचं कापडी आवरण कुरतडून बाळंतपणाची तयारी केली. थोरले वारले, तेव्हाही मी ताडपत्रीखालीच होतो. त्या वर्षांबद्दल माझी तक्रार नाही. पडून राहिल्याने माझ्यामुळे कुणाचं वाईट तरी झालं नाही.

नंतर आले थोरल्यांचे चिरंजीव. यांना सगळे कप्तान म्हणतात. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली आहे. मूळचे ते सोफ्यांचे व्यापारी, आणि शिडीच्या चौथ्या पायरीवर त्यांना गरगरतं. पण त्यांची लेक विमान चालवायला शिकली होती, परवाना काढून बसली होती आणि तिला आजोबांचंच विमान उडवायचं होतं. कप्तानांनी हौसेने हात सैल सोडला. चामड्याच्या गाद्या झाल्या, निळा पट्टा झाला, दारांना आतून मऊ अस्तर लागलं. बाहेरून विमान नवरीसारखं झालं आणि आत उंदरिणीची बाळंतखोली तशीच राहिली.

लेकीला ते पटेना. तिने हँगरमध्ये विजेचं काम करणाऱ्या ताईंना बोलावलं. ताई बुटक्या, आवाज चढा, कानावर कायम पेन्सिल. त्यांनी काट्यांचं पुढचं फळकूट उघडलं, आत टॉर्च मारला आणि एका वायरीला बोट लावलं. आवरणाचा भुगा खाली पडला. "अगं बाई," ताई म्हणाल्या, "हे विमान आहे की चूल?"

मग खरं काम सुरू झालं. जुना जनरेटर निघाला, त्या जागी साठ ॲम्पियरचा अल्टरनेटर, म्हणजे नव्या पद्धतीचा जनरेटर, आला. कापडी वायरी गेल्या, प्रत्येकीवर क्रमांक छापलेल्या नव्या वायरी आल्या. काचेचे फ्यूज गेले आणि जास्त वीज झाली की टक्कन बाहेर येणारी बटणं आली. शेवटी ताईंनी माझ्यावर बोट ठेवलं. "हा पण निघणार. नवा मीटर वीज पोटातून नेत नाही, बाहेरूनच मोजतो."

"हा नाही निघणार," कप्तान म्हणाले. "बाबांचा हात लागलाय याला."

"मग राहू दे शोभेला. मी मागच्या वायरी काढते."

"काटा हलला पाहिजे ताई! मेलेला डायल नको मला समोर."

"अहो, हा तीसचा आहे आणि तुम्ही साठचा अल्टरनेटर घेतलाय. एखाद्या दिवशी बॅटरी उतरलेली असेल, ती वीज नुसती ओढून घेईल, आणि हा भाजून निघेल. मी सही करणार नाही."

ताईंच्या सहीशिवाय विमान उडणार नव्हतं. मी निघालो, नवा मीटर लागला, सही झाली. ताईंनी मला फडक्यात गुंडाळून कप्तानांच्या हातात दिलं आणि सांगितलं, "घरी भिंतीवर लावा."

घरी भिंतीवर! त्या दिवशी मला ताईंचाच राग आला होता. आणि म्हणून पुढचं सांगताना मला जास्त लाज वाटते. एका रविवारी दुपारी, हँगरमध्ये कुणी नसताना, कप्तान मला खिशात घालून आले. त्यांनी नवा मीटर काढला आणि मला माझ्या जुन्या भोकात बसवलं. नव्या वायरींची टोकं माझ्या बोल्टांना बसेनात, तेव्हा त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून माझ्याच दोन जुन्या कापडी वायरी शोधून काढल्या. "दोनच तर वायरी आहेत," असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी नट आवळले, तेही हातानेच. मग काच पुसून ते दोन पावलं मागे सरले. त्यांचे डोळे भरून आले होते. आणि खरं सांगतो मित्रांनो, मीही हरखलो. आपल्यावाचून यांचं चालत नाही, असं मला वाटलं.

लेक आली आणि मला पाहून थबकली. "बाबा, हा परत कसा? ताईंनी लावला?"

"हो, त्यांनीच," कप्तान म्हणाले. "पटलं त्यांना शेवटी."

खोटं! साफ खोटं, आणि ते पोटच्या पोरीशी! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तेव्हा जायला हवी होती. पण मी तेव्हा माझ्या पुसलेल्या काचेत मश्गूल होतो.

आजोबांच्या विमानातून ती पहिल्यांदा एकटी निघाली तो दिवस थंड होता. इंजिन पटकन सुरू होईना. तिने पुन्हा पुन्हा स्टार्टर फिरवला आणि बॅटरी पार उतरली. अखेर इंजिन सुरू झालं, आणि उपाशी बॅटरीने नव्या अल्टरनेटरकडून वीज ओढायला सुरुवात केली. माझा काटा उजवीकडे धावला. दहा, वीस, तीस. तीसला तो खुंटीला टेकला. पोटातून त्याच्या दीडपट वीज जात होती आणि मला तेवढं सांगता येत नव्हतं. टक्कन बाहेर येणारी नवी बटणं साठच्या हिशेबाची, तीही जागची हलली नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी आजोबांसारखं, आणि हसून म्हणाली, "छान भरतेय." ती माझ्यावर विश्वास ठेवून वर गेली.

मला बोलायला एक काटा आहे, दुसरं काही नाही. तो खुंटीला चिकटून थरथरत होता. मागे सैल आवळलेला उजवा नट तापत गेला. कापडी वायर आधी पिवळी झाली, मग काळी. धावपट्टी बरीच मागे राहिली होती आणि खाली नुसती झाडं होती, तेव्हा माझ्या पाठीतून धूर निघाला. चष्मेवाल्या बाईने जो जळका वास कधी येऊ दिला नव्हता, तो विमानाच्या त्या छोट्याशा खोलीत भरला.

लेक खोकली. चटका बसला तरी धुरात चाचपडत तिने पुढच्या फळकुटावरचं लाल बटण शोधलं आणि सगळी वीज तोडली. हे ताईंनी तिला डोळे मिटून करायला शिकवलं होतं. इंजिनाची ठिणगी वेगळ्या यंत्रातून येते, तिला ना बॅटरी लागते ना मी, म्हणून इंजिन चालू राहिलं. पण रेडिओ मुका झाला. तिने खिडकी उघडली, रडत रडत विमान वळवलं आणि धावपट्टीवर एक घिरटी घालून, खाली कुणी वाटेत नाही ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून उतरवलं.

कप्तान धावत आले. "काय झालं? काय झालं गं?"

लेकीची बोटं भाजली होती. ती त्यांच्यासमोर धरून ती म्हणाली, "बाबा, ताईंनी हा लावला होता ना?"

मागून ताई आल्या आणि आत वाकल्या. मग त्यांनी फडक्याने मला उपसून काढलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "याचं काही चुकलं नाही. याच्या तोंडावर तीस लिहिलंय. तुम्हाला वाचता येतं, कप्तान."

"बाबांची आठवण होती," कप्तान म्हणाले.

"आजोबांची आठवण मीच होते ना, बाबा," लेक म्हणाली. "मी बसले होते आत."

विमान आजही उडतं. नवा मीटर आहे, नव्या वायरी आहेत आणि लेक कप्तानांना फळकुटाला हात लावू देत नाही. आणि मी? मला कप्तानांनी घासूनपुसून विमान शिकवणाऱ्या शाळेच्या व्हरांड्यात, उघड्या फळीवर, मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं आहे. खाली पाटी आहे, 'निष्ठावंत सेवक'. तोंड तुमच्याकडे, जळकी पाठ भिंतीकडे. लेक आली की मला उलटं ठेवते. कप्तान आले की सुलटं करतात. अहो, कुणाचं घोडं मारलंय मी, की माझी पाठही तुम्ही मला दाखवू देत नाही?

मागच्या आठवड्यात तुमच्याएवढ्याच एका मुलीने कप्तानांना विचारलं, "काका, याच्या मागे काय असतं?"

कप्तान म्हणाले, "काही नाही, बाळ."

काही नाही! तिथे उजव्या बोल्टाभोवती काळं वर्तुळ आहे. वितळलेलं पितळ आहे. एका मुलीचा जीव जाता जाता राहिला, तो तिथे आहे. मित्रांनो, मला जपू नका, माझी दया तर मुळीच नको. जुन्या वस्तूवर माया असेल तर तिला आधी विचारा, तुला किती झेपतं, आणि ती सांगेल ते ऐका. आणि आता आलाच आहात तर एक करा. फळी फार उंच नाही, हात पोचेल तुमचा. कप्तान यायच्या आत मला फिरवून ठेवा.