तीन महिन्यांचा पास

"गेटच्या बाहेर जा, कावू. घरात उभं राहून काय कळणार नाही," अप्पा म्हणाले.

"अप्पा, वायफाय बंद केलं की झालं. इथं खुर्चीत बसूनसुद्धा मी राउटरच्या लेखी बाहेरचीच."

"त्याच्या लेखी असशील. माझ्या लेखी नाहीस. जा."

मी चपला घातल्या. आई दारात बसून अवरेकाळू, म्हणजे इथले वाल, सोलत होती. भिजवलेला दाणा ती बोटांत दाबायची, तो सालातून सुटून टोपलीत पडायचा.

"पाठवलं होय बाहेर?" ती म्हणाली. "मागच्या टायमाला पाऊस होता, तर छत्री देऊन पाठवलं की तुला."

"आणि तू काय केलंस? छत्री शोधून दिलीस."

"मग काय करू? दोघं सारखीच तुम्ही."

गेटबाहेर होंगेच्या, म्हणजे करंजाच्या झाडाखाली उभी राहून मी मोबाइलवरचं बटण दाबलं. क्षणभर काही नाही. मग खिडकीतून अप्पांचा आवाज आला, "आलीस! आलीस बघ, दिसलीस!"

समोरच्या घरातल्या हेमलताक्का रांगोळी काढत होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी सकाळपासून याच घरात होते, मधे त्यांच्याशी बोलूनही आले होते. "सरी, बरं, आता जेवायला जा," त्या हसत म्हणाल्या.

अप्पा निपाणीचे. तरुणपणी टेलिफोन खात्याच्या नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य गेल्यामुळे निवृत्तीनंतर घरात मुकी लाइन त्यांना सहन होईना. एस. पी. रोडवरून त्यांनी एक वापरलेला राउटर आणला, कंपनीनं आत घातलेला प्रोग्रॅम पुसला आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेला, फुकटातला दुसरा प्रोग्रॅम त्यात भरला. पहिल्या खटपटीत राउटर बंदच पडला, तेव्हा ते दोन दिवस धड जेवले नाहीत. मग तो चालू झाला आणि त्यावर त्यांनी व्हीपीएन सर्व्हर उभा केला. म्हणजे मी बेळ्ळंदूरच्या माझ्या फ्लॅटवर असो की परदेशातल्या हॉटेलात, माझा मोबाइल आधी एका बंद वाटेनं बनशंकरीच्या घरी यायचा आणि तिथून पुढे जगात जायचा.

"परक्याच्या वायफायवर भरवसा ठेवू नको," ते म्हणत. "घरातनं जा."

सर्व्हरनं मला ओळखावं म्हणून माझ्या मोबाइलमध्ये एक सर्टिफिकेट असावं लागे. अप्पा त्याला पास म्हणत, बसचा असतो तसा. तीन महिन्यांनी पास संपे आणि वाट बंद होई. नवा पास ते मेलनं पाठवत नसत, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. पास हातात द्यायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे तो घ्यायला मला यावं लागे.

त्या रविवारी जेवताना आईनं विचारलं, "जास्त दिवसांचा न्हाई का निघत तो पास? पोरगी सिल्क बोर्डाच्या चौकात तासतास अडकून येती."

"जुनं मशीन हाय," अप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले. "तीन महिन्यांच्या वर देत नाही."

"हो का," मी म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

मी निघताना अप्पांनी राउटरवरचा आईचा क्रोशाचा रुमाल काढून तिच्या हातात दिला. "त्याला घाम येतोय. किती वेळा सांगू?" आई म्हणाली, "उघडं मशीन बरं दिसत न्हाई." मी लिफ्ट नसलेल्या त्या घराचे दोन जिने उतरले, तरी वरून त्यांचं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा दूध आणायला गेले आणि बूथच्या पायरीवर बसले. दूधवाल्या शिवाप्पानं दोनदा हाक मारली. मग तो जवळ गेला.

अप्पा गेल्यावर पुढचे काही आठवडे मी आईजवळ राहिले. तिनं माझ्याकडे यायला साफ नकार दिला. "तुझ्या त्या चौदाव्या मजल्यावर मला कोण वळखतंय?" शेवटी मी एकटीच परतले. रोज फोन करत होते. जात मात्र नव्हते. या रविवारी काम आहे, पुढच्या रविवारी नक्की, असं सांगत राहिले. खरं कारण खिडकीजवळचं ते टेबल होतं. कॉम्प्युटर, राउटर आणि समोरची रिकामी खुर्ची. आईच्या समोर मला तिथं रडायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी मोबाइलवरची वाट बंद झाली.

मी नेटवर्किंगमध्येच काम करते. असं काही झालं की आधी काय बघायचं, हे मी नव्या मुलांना शिकवते. त्या दिवशी मी आईला फोन केला.

"राउटरचे दिवे लागलेत का बघ गं."

"लागलेत की. हिरवे."

"सगळे?"

"एक लुकलुक करालाय. मरंना तो, टीव्ही तर चालतोय." मग ती म्हणाली, "काय झालं? बंद पडलं होय तुझं?"

"लाइनचं काहीतरी असेल."

"तुझे अप्पा म्हणायचे, पास संपत आला, कावू येईल, भाजी आणून ठेव. तसलं तर न्हाई?"

"बघते," मी म्हणाले.

रविवारी गेले. आईनं कैरीची चटणी करून ठेवली होती. राउटर टेबलावर उघडा होता. क्रोशाचा रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला होता, आणि राउटरवर धुळीचा कणही नव्हता.

मी अप्पांच्या खुर्चीत न बसता उभ्यानंच काम सुरू केलं. वीज गेल्यावर घराचा इंटरनेटवरचा पत्ता बदलला असेल, म्हणून तो पाहिला. बरोबर होता. बाहेरून आत यायचं राउटरमधलं दार उघडं आहे का ते पाहिलं. उघडं होतं. सर्व्हर चालू आहे का, राउटरचं घड्याळ मागे पडलंय का, त्यातली जागा भरलीय का, सगळं पाहिलं. अप्पांनी लावून दिलेलं सगळं जागच्या जागी होतं. जे सगळ्यात आधी बघायचं, ते मी सगळ्यात शेवटी पाहिलं. सर्व्हरच्या नोंदीत एकच ओळ पुन्हापुन्हा आली होती : सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

बिघाड काहीच नव्हता. त्या रविवारी अप्पांनी दिलेली मुदत भरली होती, आणि मी घरी आले होते.

मी खुर्चीत बसले.

पास किती दिवसांचा हे मशीन ठरवत नाही, करणारा ठरवतो. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. एकदा अप्पा पाणी प्यायला उठले, तेव्हा मी स्क्रीनवरची आज्ञा वाचली होती. मुदतीचा आकडा त्यांनी हातानं घातला होता, नव्वद. तिथं दहा वर्षंही घालता आली असती. ते परत यायच्या आत मी पान होतं तिथं आणून ठेवलं. पासवर्ड त्यांनीच मला सांगून ठेवला होता, "तुला ठाऊक असू दे." म्हणजे मी बेळ्ळंदूरला बसून स्वतःच स्वतःला पास देऊ शकत होते, हे त्यांनाही कळत होतं. एकदा त्यांनी विचारलं, "तुमच्या ऑफिसात किती दिवसांचा देतात?" तिथले पास आपोआप नवे होतात, कोणाला पत्ताही लागत नाही. मी म्हणाले, "आपल्यासारखाच. तीन महिन्यांचा." ते स्क्रीनकडे वळले. मग म्हणाले, "बरोबर आहे."

आई हात पुसत बाहेर आली.

"सापडलं?"

"पास संपला होता."

"मी बोलले न्हवं?" ती शेजारच्या स्टुलावर बसली. स्क्रीनवरचं तिला काही वाचता येत नव्हतं, तरी ती नीट बघत होती. "आता एकदाच मोठा काढ बाई. लांबचा. तुला हेलपाटे नकोत."

"आणि तू?"

"माझं काय? हेमलताक्का हाय, देऊळ हाय. फोन करतीस की रोज." ती रुमालाची घडी मोडून पुन्हा घालू लागली. "सवडीनं यावं माणसानं. मशीन बोलावतंय म्हणून नको."

मी अप्पांची आज्ञा वर आणली. नव्वदच्या पुढे कर्सर लुकलुकत होता. एक-दोन शून्यं वाढवली असती तर काम झालं असतं. मी एंटर दाबलं.

"किती दिवसांचा काढलास?"

"तीन महिन्यांचा."

"परत तेवढाच?"

"जुनं मशीन आहे आई," मी म्हणाले. "त्याच्या वर देत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. "सरी," ती म्हणाली.

पास मोबाइलमध्ये भरला. आता लागतोय का ते बघायचं होतं. वायफाय बंद करायला माझा अंगठा उचलला गेला, आणि मी थांबले. आईला खुर्चीत बसवलं. "इथं बघत बस. या रिकाम्या जागेत एक ओळ येईल, इंग्रजीत माझं नाव. के-नं सुरू होतं. आली की सांग."

"मला जमतंय होय?"

"हाक मारायची फक्त."

दोन जिने उतरून मी गेटबाहेर आले. होंगेला नवी पालवी होती आणि झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. मी बटण दाबलं. मोबाइलवर हिरवी खूण आली. वाट जुळली होती. खिडकी गप्पच होती. मी वर बघत राहिले. आईला अक्षर ओळखायला वेळ लागत असेल. हेमलताक्का त्यांच्या दारात आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"कावू!" आईचा आवाज फाटला होता. "आलं गं, के आलं! आलीस बघ, आलीस!"

मी हात वर केला. त्या उघड्या खिडकीकडे बघून, हेमलताक्कांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "अप्पा, मला माहीत होतं. मी तुमच्यासाठीच येत होते."