निंबाखालचा व्हॉल्व्ह

विशाखाच्या घरात वारांना कधी फारसा भाव नव्हता. सोमवार-मंगळवार शाळेपुरते. घरात दिवस ओळखायचे ते पाण्यावरून : आज मधल्या गल्लीचं, उद्या शाळेमागचं, परवा आपलं. कारण तिचे पप्पा, म्हणजे संघपाल, अख्ख्या वस्तीचे लाईनमन होते. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचे, चावी आत घालून व्हॉल्व्ह गरागरा फिरवायचे. मग चावीच्या मुठीला कान लावून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "यायलंय." बस्स! थोड्याच वेळात गल्लीभर नळ खोकायला लागायचे.

लहानपणी विशाखाला वाटायचं, पप्पा नदीशी बोलतात. पैठणहून निघालेली नदी जमिनीखालून अंधारात चढ चढत येते, दमते, आणि पप्पांना विचारते, भाऊ, आता कुणीकडं वळू? दहावीत गेल्यावरही तिला तसंच वाटायचं. फक्त मैत्रिणींना सांगत नव्हती एवढंच.

म्हणून डॉक्टरांनी "आज वार कोणता?" विचारलं आणि पप्पा ठणकावून "मधल्या गल्लीचा" म्हणाले, तेव्हा ती खुर्चीतून उठलीच. "डॉक्टर, बरोबर आहे त्यांचं! आज खरंच मधल्या गल्लीचं पाणी आहे."

डॉक्टर छान हसले. पण कागदावर शून्यच लिहिलं. मग तपासण्या झाल्या, मशिनीत झोपवून डोक्याचे फोटो काढले, आणि शेवटी तो शब्द आला. डिमेन्शिया.

परतताना क्रांती चौकात सिग्नलला रिक्षा थांबली. मम्मी म्हणाली, "गल्लीत कुणाला काय बी सांगायचं नाय. शुगर वाढली म्हणायचं."

"कुणाची शुगर?" पप्पांनी काळजीनं विचारलं.

रिटायर होताना ऑफिसच्या लोकांनी पप्पांना त्यांचीच जुनी चावी चांदीचा रंग देऊन, हार घालून भेट दिली होती. फोटोत पप्पा आणि चावी, दोघंही नवरदेवासारखे दिसतात. तीच चावी खांद्यावर टाकून पप्पा एका दुपारी गुपचूप निघाले आणि शाळेमागचं पाणी एक दिवस आधीच सोडून आले. तिथं कुणाच्या बादल्या तयार नव्हत्या, पाणी गटारीला गेलं. ज्यांचा नंबर होता त्यांचे नळ कोरडे. नुसता गलका!

संध्याकाळी बन्सीकाका आले. पप्पांच्या जागी आता तेच आहेत. चहाला हात न लावता म्हणाले, "वहिनी, साहेबांनीच मला हात धरून शिकवलं. पण परत असं झालं तर माझी नोकरी जाईल ओ."

मम्मीनं चावी पलंगाखाली सरकवली. "रविवारी भंगारवाला येतो. देऊन टाकते." अभयदादानं बिडकीनच्या कंपनीतून येताना गेटसाठी कुलूप आणलं. दादा वाईट नाही हां. कुलूप टेबलावर ठेवून जेवायला बसला, पण एक पोळीसुद्धा संपवली नाही त्यानं.

चावी पलंगाखाली गेल्यापासून पप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे. दोन्ही मुठी हवेत धरून गोल गोल फिरवायचे. विशाखा पाणी घेऊन गेली तर तिच्याकडे बघून अदबीनं म्हणाले, "ताई, तक्रार लिहून घेतली. तुमचा नंबर उद्या." ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. मग नळ बंद केला, कारण पाणी वाया जात होतं, आणि ती लाईनमनची मुलगी होती.

रडून झाल्यावर तिला सुचलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिनं बन्सीकाकांना गाठलं. "काका, असा एखादा व्हॉल्व्ह आहे का, जो फिरवला तरी काहीच होत नाही?"

बन्सीकाकांनी डोकं खाजवलं. "आहे की! केसरबाईच्या दारासमोर, निंबाखाली. ती लाईन कवाच तोडली. फिरवा म्हणावं किती बी."

रविवारी दुपारी मम्मी गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गेली. कुलूप अजून टेबलावरच होतं. विशाखानं पलंगाखालून चावी ओढली. पप्पांनी ती बघितली, हातात घेतली आणि आपसूक ताठ झाले. दोघं निघाले. ऊन पिवळंजर्द होतं, रस्ता झोपेत असल्यासारखा. पप्पांची सावली पुढे, सावलीच्या खांद्यावर चावीची सावली. विशाखाला वाटलं, आपण चालत नाही आहोत, कुणीतरी पाटातून आपल्याला हळूच पुढे सोडलंय.

निंबाखाली पप्पा वाकले. झाकण, चावी, आणि एक, दोन, तीन... आटे मोजताना त्यांचा आवाज अजिबात अडखळत नव्हता.

"ए पोरी!" ओट्यावरून केसरबाई ओरडल्या. वीस वर्षं पाण्यावरून पप्पांशी भांडलेली बाई ही. "मेलेला व्हॉल्व्ह फिरवायलेत व्हय तुझे पप्पा? येवढं बी कळंना त्यांना?"

शुगर वाढलीय, हे विशाखाच्या जिभेवर आलं होतं. पण ती ओट्याची पायरी चढली आणि हळू पण स्वच्छ म्हणाली, "मावशी, त्यांना डिमेन्शिया झालाय. सगळं विसरायलेत. एवढं एकच राहिलंय."

वळून बघते तर मागे मम्मी! धापा टाकत, मिरच्यांचे लाल हात तसेच. तिनं सगळं ऐकलं होतं.

केसरबाईंनी तिघांकडे बघितलं आणि घरात निघून गेल्या. संपलं, विशाखाला वाटलं. आता संध्याकाळपर्यंत वस्तीभर होणार, आणि मम्मी मला कधीच माफ नाही करणार. आतून भांड्यांचा दणदणाट आला. मग पदर खोचून केसरबाई बाहेर, काखेत घागर! अंगणातल्या कोरड्या नळाखाली त्यांनी ती आदळलीच.

"काय संघपालभाऊ! आज तरी नीट सोडा. मागल्या बारीला घागर बी भरली नव्हती माझी!"

पप्पांनी मान वर केली. "दम धरा, केसरबाई. पाणी हाय ते. तुमची सून नाय, हाक मारली की पळत यायला!"

केसरबाई! नावासकट! विशाखा एकदम हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. स्वतःचं नाव तिला पप्पांकडून चार दिवस मिळालं नव्हतं. थोडी जळलीच ती.

"अठरा," पप्पा म्हणाले. मुठीला कान लावला, डोळे मिटले. मग चावी तिच्याकडे कलती केली. "ऐका ताई."

विशाखानं कान लावला. लोखंड उन्हानं गरम होतं. आधी काहीच नाही. मग खूप खोलवर, घूं... तिचंच रक्त असेल, किंवा रस्त्यावरून ट्रक गेला असेल. पण तिला विचाराल तर एक नदी होती, लांबून, दमत दमत, रस्ता विचारत येणारी.

पप्पांनी आता मम्मीकडे बघितलं. ती हललीच नाही. हाताची आग होत असणार, तिनं दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते. मग ती पुढे आली, तशीच वाकली, आणि कान टेकवला.

"यायलंय ना?" पप्पांनी विचारलं.

मम्मीचे डोळे मिटलेले. निंबाची दोन-चार पानं तिच्या केसांवर पडली, तिला कळलंही नाही. तेवढ्यात कोपऱ्यावरून हातगाडी खडखडली. "भंगाऽऽर! लोखंड, पत्रा, भंगाऽऽर!"

"ए भाऊ, आरडू नको रे!" मम्मी डोळे न उघडता म्हणाली. "पुढं जा. ऐकू दे जरा."