वसुंधराच्या मापाचे बूट

"एक नंबर मोठाच घे," प्रमोद म्हणाला. "आत जाड मोजे येणार. थोडी जागा राहिलेली बरी."

"मी त्रेपन्न वर्षांची आहे," वसुंधरा म्हणाली. "आता माझे पाय वाढणार आहेत का?"

ती वेलिंग्टनमधल्या एका स्कीच्या दुकानात बाकावर बसली होती आणि डावा पाय बुटात घालायची तिची झटापट चालली होती. बूट कसला, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारी प्लास्टिकची बादलीच ती. समोर अरोहा नावाची दुकानातली बाई गुडघ्यावर बसून तिला "हील बॅक, हील बॅक" म्हणून धीर देत होती.

शनिवारची सकाळ होती. दोघं घरून, अप्पर हट गावाहून, ट्रेनने आले होते, आणि सगळी वाट प्रमोदने व्हिडिओ बघून मिळवलेलं ज्ञान तिला ऐकवलं होतं. तो पाण्याच्या पाइपलाइनी आखणारा इंजिनिअर, त्यामुळे कुठलीही नळीसारखी वस्तू आपल्याला कळते असं त्याला वाटे. वसुंधरा नर्स होती, हाडांच्या वॉर्डात. दर हिवाळ्यात डोंगरावरून मोडून आलेले पाय तिच्याच हाताखालून जात. स्की करणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत त्यामुळे फारसं बरं नव्हतं.

पण मागच्या वर्षी, म्हणजे २०१५ च्या ऑगस्टात, इथल्या ऐन हिवाळ्यात, एक गोष्ट घडली होती. रुआपेहूच्या बर्फाळ डोंगरावर भाड्याने बूट घेताना बायकांच्या मापाचे संपले होते, म्हणून तिला पुरुषांचे मिळाले. अर्ध्या तासात पोटऱ्या अशा ठणकायला लागल्या की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खाली येऊन कॅफेत बसली. मागच्या टेबलावर तिची मुलगी स्वानंदी मैत्रिणीला सांगत होती, "मम डझन्ट डू स्नो." त्यात राग नव्हता की चेष्टा नव्हती. एखाद्याला वांगं चालत नाही, हे सांगावं तितक्या सहज ती बोलली होती.

वसुंधराला ते लागलं. स्वानंदी आता येत्या फेब्रुवारीत शिकायला डुनेडिनला जाणार होती. आईला काय काय येत नाही याची यादी मनाशी पक्की करूनच ती घराबाहेर पडणार, असं काहीसं तिला वाटत राहिलं. यंदा तिने कुणाला न विचारता नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं आणि मग प्रमोदला सांगितलं, "मला बूट घ्यायचेत. माझे."

अरोहाने तिची पोटरी हाताने चाचपली. बायकांची पोटरी खालपर्यंत भरलेली असते, टाच अरुंद असते, तिने समजावलं. पुरुषाच्या बुटाची कड नेमकी त्या भरल्या जागी रुतते. "वॉझन्ट यू, डार्लिंग. इट वॉझ द बूट."

"ऐकलंस?" वसुंधरा प्रमोदला म्हणाली. "माझं काही चुकलं नव्हतं."

"मी कुठे म्हटलं होतं?"

"तू म्हणाला होतास, बॅलन्स नाही."

प्रमोद स्क्यांच्या रांगेकडे बघायला लागला.

पाय एकदाचा आत गेला. अरोहाने कड्या आवळल्या, "नाऊ स्टँड अप" म्हटलं आणि वसुंधरा उभी राहिली ती "आई गं!" असं ओरडूनच. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. बूट उतरवला, मोजा काढला, तेव्हा कारण सापडलं. दुसऱ्या बोटातलं चांदीचं जोडवं, लग्नात मामींनी घातलेलं, मांसात रुतून बसलं होतं.

"कॅन इट कम ऑफ?" अरोहाने विचारलं.

"नो, नो," प्रमोद पुढे झाला. वीस वर्षांत ज्याने देवापुढे निरांजन लावलं नव्हतं, तो एकदम हळव्या आवाजात म्हणाला, "अगं, जोडवी कशी काढायची? सौभाग्याचं लेणं आहे ते."

"सौभाग्य इथेच उभं आहे ना?" वसुंधरा म्हणाली. "मग त्याला म्हणावं, खाली बस आणि ओढ."

अरोहा हात धुवायचा साबण घेऊन आली. ऑपरेशनआधी पेशंटांच्या सुजलेल्या बोटांतल्या अंगठ्या काढण्यात वसुंधराची हयात गेली होती. तिने वॉर्डातल्या आवाजात हुकूम सोडले. "फिरव. ओढू नकोस, आधी फिरव. आता हळू." प्रमोद भर दुकानात गालिच्यावर मांडी ठोकून, बायकोचा पाय मांडीवर घेऊन, जीभ दातांत धरून जोडवं फिरवत होता. सव्वीस वर्षांच्या संसारात हा पाय त्याने इतक्या जवळून पाहिला नव्हता. टाचेला भेगा होत्या, अंगठ्याशेजारचं हाड बाहेर आलं होतं.

"हे कधी झालं?" त्याने हळूच विचारलं.

"उभं राहून राहून. बरीच वर्षं झाली."

तो पुन्हा हळूहळू फिरवू लागला. जोडवं सुटलं. दुसरं लवकर निघालं. दोन्ही त्याने रुमालात बांधून खिशात ठेवली आणि म्हणाला, "पुण्याला आईशी बोलताना सांगू नकोस."

साडेतेवीस सेंटिमीटर मापाचा बूट, बोटं पुढे जेमतेम टेकलेली, टाच घट्ट. वसुंधरा दुकानात चार पावलं चालली, अवजड, ठक ठक. दुखत कुठेच नव्हतं. ती आरशापुढे उगाचच जरा जास्त वेळ थांबली.

स्क्या निवडताना प्रमोदला पुन्हा कंठ फुटला. सेलमधली तिच्या डोक्यावर जाणारी जोडी त्याने उचलून आणली. "लांब घे. पुढे उपयोगी पडेल."

"स्वीट ॲज, फॉर अ सिक्स फूट ब्लोक," अरोहा म्हणाली, म्हणजे सहा फुटी गड्याला झकास, आणि वसुंधराच्या हनुवटीपर्यंत येणारी हलकी जोडी तिच्या हातात दिली. वसुंधराने तीच घेतली.

पुढच्या आठवड्यात ते डोंगरावर गेले. ऊन पडलं होतं. स्वानंदी वरच्या उतारावर निघून गेली. वसुंधरा नवशिक्यांच्या वर्गात पडली, उठली, पुन्हा पडली. दुपारी वर्ग सुटला, तेव्हा प्रमोद तिला मार्गदर्शन करायला हजर झाला. तिच्या पुढे उलटा सरकत, "गुडघे वाकव, इकडे बघ, माझ्याकडे बघ," असं सांगता सांगता तो स्वतःच पाठीवर आपटला. त्याची एक स्की सुटून एकटीच खाली निघाली.

वसुंधरा त्याच्या शेजारून पुढे सरकली.

"वसू! थांब!"

"थांबता येत नाहीये अजून!" ती ओरडली आणि गेली.

वरून आलेली स्वानंदी बापापाशी वळून थांबली. "डॅड, आर यू ओके? व्हेअर्स मम?"

प्रमोदने बर्फात बसल्या बसल्या काठीने खाली दाखवलं.

उतार संपला तशी स्की आपोआप मंदावली. वसुंधरा सपाटीवर उभी राहिली, पडली नाही. तिने कपाळावरचा घाम पुसला, खेकड्यासारखी आडवी पावलं टाकत सरकत्या पट्ट्याकडे गेली आणि दोन पाच-पाच वर्षांच्या मुलींच्या मागे, पुन्हा वर जायच्या रांगेत उभी राहिली.