दोघांच्या भाताचा कप

मित्रांनो, मी एक जुना, बिनकानाचा कप आहे आणि तांदळाच्या डब्यात राहतो. मला आता कुणी चहा द्यायला काढत नाही. पण तुम्ही थोडा वेळ थांबलात, तर सांगण्यासारखं माझ्याकडे काही आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पांढरी माती कालवून साच्यात ओतली, वाळवली, भट्टीत भाजली. मग वरून काचेसारखा लेप दिला आणि पुन्हा भाजली. काठावर एका बाईंनी निळी रेघ ओढली आणि मी कप झालो. आम्ही सहा भाऊ एका खोक्यात, वाळल्या गवतात निजून, एका लग्नाच्या घरी गेलो.

त्या घरचा नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत त्याचं शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि कपड्यांचे गठ्ठे. मागच्या खोलीत स्वयंपाकघर. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणतो. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, मात्र त्यांना 'अहो' एवढंच म्हणायच्या, आणि त्या एका शब्दात त्यांना सगळं सांगता यायचं. राग, लाड, 'जेवायला चला', 'पाहुण्यांसमोर गप्प बसा', सगळं.

आम्ही पाहुण्यांचे कप होतो. "किती हलके आहेत हो!" असं लोक म्हणायचे आणि आम्ही मनात फुगायचो. पण हलक्या वस्तू टिकत नाहीत. माझे भाऊ एकेक करून गेले. एकदा घासताना नळावर आपटून माझा कान तुटला. मला वाटलं, आता कचऱ्यात. बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "टाकायचा कशाला? पोट तर शाबूत आहे." आणि मला तांदळाच्या डब्यात टाकलं.

आधी मला फार वाईट वाटलं. मग लक्षात आलं, पाहुणे अधूनमधून येतात, भात रोज होतो.

बाई मला काठोकाठ भरायच्या आणि वरची शीग बोटाने पुसून डब्यात सोडायच्या. एक कप तांदूळ, दोघांचा भात. मास्तरांना साखरेचा आजार लागल्यावरही माप तेच राहिलं. फक्त भाजी दुप्पट झाली, आणि मास्तर दुसऱ्यांदा भाताला हात घालायला लागले की बाई म्हणायच्या, "अहो." हात मागे यायचा.

एका सकाळी बाईंच्या छातीत कळ आली. दुपारपर्यंत त्या गेल्या.

बरेच दिवस डबा उघडलाच नाही. अंधारात मला मशीनचा आवाजही येत नव्हता. मग एके दिवशी झाकण निघालं. मास्तरांचा हात आत आला. त्यांनी मला भरलं, वरची शीग बोटाने पुसली, अगदी बाई पुसायच्या तशी, आणि भात लावला. पहिल्या दिवशी तो करपला. पुढे जमू लागला.

मित्रांनो, माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. घरात माणूस एक आणि भात दोघांचा. मास्तर आधी आपला वाढून घ्यायचे. जेवण झालं की भांड्यातल्या उरलेल्या भाताकडे बघत बसायचे. मग तोही वाढून घ्यायचे आणि हळूहळू, न बोलता, संपवायचे. माप घेऊन झालं की ते मला ओट्यावरच ठेवत, तिथून मी रोज बघत होतो. कपाला बोलता येत नाही याचं मला तेव्हा जितकं वाईट वाटलं, तितकं कान तुटल्यावरही वाटलं नव्हतं.

त्यातच मास्तरांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू आला. सुई ओवताना धागा भलतीकडेच जायचा. एका गिऱ्हाइकाच्या निळ्या शर्टाला त्यांनी काळी बटणं लावून दिली. गिऱ्हाईक भला माणूस, काही बोलला नाही, पण पुन्हा आला नाही. दोन्ही डोळे गेले तर शिवण गेली, आणि शिवण गेली तर मास्तरांनी दिवसभर करायचं काय?

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण आधी तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी करून या. ती आठ टक्क्यांच्या आत हवी. नाहीतर जखम भरायला त्रास होईल."

मास्तर निर्धास्त होते. रोज सकाळी चहाच्या आधी ते बोट टोचून साखर मोजायचे आणि ती ठीकच यायची. तरी खबरदारी म्हणून तपासणीआधी दोन दिवस त्यांनी नुसती काकडी खाल्ली आणि उपाशीपोटी रक्त देऊन आले. आकडा आला साडेनऊ.

"रक्ताची बाटली बदलली असणार कुणाची तरी," असं स्वतःशी पुटपुटत मास्तर घरात फेऱ्या मारत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "भावोजी, काय झालं? बाहेरपर्यंत ऐकू येतंय."

ही बाईंची धाकटी बहीण. मास्तर तिला धाकटीच म्हणतात. तिलाही साखरेचा आजार आहे, त्यामुळे तिला यातलं सगळं पाठ. तिने आणलेला जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला, कागद वाचला आणि कमरेवर हात ठेवले.

"दोन दिवस काकडी खाऊन कुणाला फसवायला निघाला होतात?"

"फसवतोय कुठे? रोज सकाळी मोजतो मी."

"सकाळी पोट रिकामं असतं. जेवल्यावर दोन तासांनी कधी मोजलीत?"

मास्तरांनी तिच्या हातातला कागद परत घेतला.

"भावोजी, रक्तातल्या तांबड्या पेशी असतात ना, त्यांना साखर चिकटून राहते. ती पेशी तीन-एक महिने जगते. तेवढ्या दिवसांत साखर किती वाढत राहिली, ते तिच्यावरून कळतं. या तपासणीला उपाशीसुद्धा जावं लागत नाही. आदल्या दिवशी पाठांतर करून हा पेपर सुटत नाही."

"अगं, पण मी गोड खातच नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"मग साखर येते कुठून? छतातून गळते?"

जेवायची वेळ झाली होती, म्हणून मास्तरांनी सवयीने तांदळाचा डबा उघडला, मला भरलं, शीग पुसली. धाकटी बघत होती.

"माझ्यासाठी नका घालू. मी डबा आणलाय."

"हा रोजचाच आहे."

"रोज एवढा? एकट्याला?"

"ती घालायची तेवढाच घालतो."

"ताई दोघांचा घालायची, भावोजी."

"हो. अर्धा तिचा असतो."

धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "मग ताईचा कोण खातं?"

मास्तर मला हातात धरून उभे होते. माझ्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, "टाकवत नाही गं."

धाकटी वळली आणि स्वच्छ असलेलं एक पातेलं उगाच घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "ताई असती तर लाटणं घेऊन मागे लागली असती."

"नसती लागली," मास्तर म्हणाले. "नुसतं 'अहो' म्हणाली असती."

मग दोघंही हसले, आणि हसता हसता दोघांनीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी भात बंदच केला. मला डब्यात घालून वर झाकण घट्ट लावलं. सकाळी साखरेवरची नेहमीची गोळी घ्यायची आणि दुपारी पालेभाजीची चार पानं चावायची. व्हायचं तेच झालं. एका दुपारी मशीनवर बसल्या बसल्या साखर फार उतरली, त्यांना घाम फुटला, हात कापायला लागले आणि डोळ्यांपुढे अंधार आला. कपडे न्यायला आलेल्या शेजारणीने साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं.

"माझ्या बहिणीकडे जायची एवढी घाई झाली का?" धाकटी भडकली. तिने त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. तिथे आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी त्यांना समजावलं की भात शत्रू नाही, फक्त तो किती आणि कशाबरोबर खायचा ते महत्त्वाचं. अर्धं ताट भाज्यांचं, पाव ताट डाळीचं किंवा अंड्याचं आणि उरलेला पाव भाताचा. आधी भाजी खायची, भात शेवटी. जेवणं चुकवायची नाहीत आणि गोळीत स्वतःच्या मनाने बदल करायचा नाही. जेवल्यावर थोडं चालायचं.

डब्याचं झाकण पुन्हा उघडलं. आता मला अर्धंच भरायचं होतं. मास्तरांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते आत बोट घालून अंदाज घेत. इंचपट्टीशिवाय मापं घेतलेला हात तो, चुकायचा नाही. पण भात शिजला की भांडं रिकामं रिकामं दिसे. सुरुवातीला मास्तर त्यापुढे बसून राहत आणि जेवण थंड होई. हे धाकटीने ओळखलं असावं. रोज दुपारी नेमका तेव्हाच तिचा फोन यायचा.

"काय वाढलंय?"

"दुधी."

"किती?"

"ताटात मावेल तेवढा. आता मी दुधीच होणार."

"व्हा. निदान मऊ तरी व्हाल."

एकटा माणूस चिडत का होईना, बोलत बोलत जेवू लागला. जेवण झालं की मास्तर चालून येत आणि मग बोट टोचून बघत. भात जास्त झाला त्या दिवशी साखर चढायची, चालायला गेले त्या दिवशी तितकी नाही. हळूहळू त्यांना त्यात गंमत वाटू लागली. कापड कुठे सैल पडतं आणि कुठे ओढलं जातं हे बघावं, तसं ते स्वतःच्या जेवणाकडे बघू लागले.

तीन महिने झाले. या वेळी मास्तर काकडीच्या वाटेला गेले नाहीत. रोजचा नाश्ता करून, रोजच्यासारखं चालत जाऊन त्यांनी रक्त दिलं. दोन दिवसांनी धाकटी कागद घेऊन घरात शिरली आणि काही न बोलता ओट्याला टेकून उभी राहिली.

"अगं, बोल. वाईट आहे का?"

"साडेसात," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांनी तारीख दिलीय."

मास्तर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "चहा टाक. बिनसाखरेचा."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मास्तर काळा चष्मा लावून स्वयंपाकघरात आले. धाकटी भाजी चिरत होती. त्यांनी चष्मा जरा वर केला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"तू बरीच पांढरी झालीस गं."

"डोळा सुधारला म्हणायचा," ती म्हणाली. "जीभ आहे तशीच आहे."

दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून यायची आहे. आजारही कुठे गेलेला नाही, तो राहणारच. दर काही महिन्यांनी तपासणी होईल, आकडा कधी थोडा वर जाईल, कधी खाली येईल. पण पुढच्या खोलीतून मशीनचा आवाज येतो आणि मला तेवढं पुरतं.

मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी कुणाचं माणूस गेलं असेल आणि मागे राहिलेला एकटा जेवत असेल, तर त्याला 'जेवलात का' एवढंच विचारून निघू नका. तो हो म्हणेल. किती शिजवलं, काय शिजवलं, तेही विचारा. आणि जमेल त्या दिवशी आपलं ताट घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसा.